व्यसनी तरुण : गुन्हेगार की रुग्ण?

घरातला मुलगा गर्दच्या आहारी गेला की आईवडिलांना दोनच वाटा दिसतात : बदनामीच्या भीतीने गप्प बसणे किंवा पोलिसांच्या हवाली करणे. तिसरी वाट कायद्यानेच ठेवली आहे. उमरोळी-बोईसर परिसरातील पालकांना व विद्यार्थ्यांना ती माहीत असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

अंमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा १९८५ साली झाला. त्याच्या कलम २७ प्रमाणे नुसते सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉईन, कोकेन यांसाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, गांजा-चरससाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दंड, अथवा दोन्ही. परंतु कलम ६४-अ सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा (हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत) आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेता येते. कलम ३९ प्रमाणे सेवनाबद्दल दोषी ठरलेल्यालाही न्यायालय उपचारासाठी सोडू शकते. मोठा साठा बाळगणाऱ्या विक्रेत्याला मात्र ही सूट नाही.

अशी तरतूद का? गर्द थांबताच अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी याला 'टर्की' म्हणतात. तुरुंगात हा त्रास कसाबसा सरतो, पण मनातली ओढ तशीच राहते. शिवाय मध्यंतरी शरीराची सवय मोडलेली असते. सुटल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर जीव जाऊ शकतो.

उपचाराने काय साधते, हे पुण्याच्या 'मुक्तांगण'ने दाखविले. अनिल अवचट यांचे गर्दवरील लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी हे केंद्र उभे केले. तेथे औषधांबरोबर समुपदेशन, कामाची शिस्त व कुटुंबाचा सहभाग यांना महत्त्व आहे. पुन्हा घसरलेल्याला हाकलत नाहीत, पुन्हा उभे करतात.

पंचशीलातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. ते स्वतःहून घ्यायचे असते, कुणी लादायचे नसते. उपचाराचेही तसेच आहे. आपल्या वस्तीत असा तरुण दिसला तर त्याला हिणवू नका. १४४४६ या केंद्र सरकारच्या निःशुल्क दूरध्वनीवर चौकशी करा आणि त्याच्याबरोबर दवाखान्याची पायरी चढा.