गणेशपट्टीखालून आत येणारा देव

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या प्रातःकाळी यजमान पाटावर गजाननाची मूर्ती घेऊन दाराशी येतात. घरची सुवासिनी त्यांच्या पायांवर दूध-पाणी घालते, भाकरतुकडा ओवाळून टाकते, आणि मग उंबरठा ओलांडला जातो. हा क्षण आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पुण्याच्या जुन्या पेठांतील लाकडी वाड्यांत मात्र त्या क्षणाला आणखी एक साक्षीदार असे. दाराच्या चौकटीवरील आडव्या लाकडात कोरलेला तो चिमुकला गणेश! मातीचा देव दहा दिवसांचा पाहुणा, तर गणेशपट्टीवरचा लाकडाचा देव बारमाही राखणदार. पाहुण्याने राखणदाराच्या नजरेखालून आत यावे, अशी ती रचना होती.

वाचकहो, वाड्याचे मोल सांगताना आपण बहुधा नक्षीकामाचे कौतुक करून थांबतो. आम्हांला वाटते, त्याचे खरे मोल त्याच्या आखणीत आहे. दिंडी दरवाजातून चौक, चौकाच्या कडेने ओसरी, ओसरीवरून सोपा, सोप्यातून माजघर आणि माजघरालगत देवघर. परक्याने कोठवर यावे, आप्ताने कोठवर, आणि देवाने कोठे वसावे हे त्या घराने स्वतःच ठरविलेले असे. चौकातले तुळशीवृंदावन सोवळ्यातल्या बाईला माजघराच्या दारातून दिसे. गौरी आल्या की त्यांच्या पावलांचे ठसे दारापासून चौकातून थेट आतपर्यंत उमटत. आजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत ते ठसे चार पावलांत संपतात. गौरी त्याने रुष्ट होत नसतील, पण घरातली वृद्धा मात्र क्षणभर थबकते.

या घरांचे बांधकामशास्त्रही समजून घेण्याजोगे आहे. घडीव दगडाचे जोते, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट. घराचा सारा भार हा लाकडी सांगाडा पेलतो. विटा-मातीच्या जाड भिंती बहुतांशी आडोशाचे व गारव्याचे काम करतात. सांधे एकमेकांत कुसू बसवून केलेले असल्याने हादरा बसला तर सांगाडा थोडा हलतो, पण सहसा मोडत नाही. त्याचे शत्रू तीनच : गळणारे कौल, वाळवी आणि आग. चौथा शत्रू आपण अलीकडे निर्माण केला आहे. मातीच्या भिंतीला चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल आतच कोंडते आणि भिंतीत पुरलेला खांब बाहेरून धड दिसत असता आतून कुजतो. चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीनेच कित्येक वाडे खचले आहेत.

आगीचे नाव निघाले म्हणजे शनिवारवाड्याची आठवण येणारच. ज्या वास्तूत पेशव्यांचा गणेशोत्सव थाटाने साजरा होई, ती 1828 सालच्या अग्निप्रलयात जळाली. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. त्यापासून हाकेच्या अंतरावर, तुळशीबागेच्या शेजारी, दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेला विश्रामबागवाडा आजही उभा आहे. त्याच्या दर्शनी भागातील सुरूदार खांब, केळफुलांची नक्षी आणि पुढे झेपावलेला लाकडी सज्जा पाहिला की हा दगडांच्या प्रदेशातील माणूस लाकडावर एवढे प्रेम कसे करू लागला याचे नवल वाटते.

विश्रामबागवाडाही आगीतून सुटला नाही. 1879 साली त्याला आग लावण्यात आली आणि पूर्वेकडचा भाग भस्मसात झाला. तरीही तो टिकला, कारण तो कधी निरुपयोगी ठरला नाही. पेशवाईत श्रावणमासी विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर त्या दक्षिणेच्या निधीतून 1821 मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि तिच्याच परंपरेतून पुढे डेक्कन कॉलेज उदयास आले. नंतर शाळा आली, नगरपालिकेची कचेरी आली. माणसांचा वावर राहिला म्हणून कौले फिरविली गेली, गळती थांबविली गेली. दिवा लागणारे घर टिकते, असे जुनी माणसे म्हणत. सुतारही तेच सांगेल.

सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभीचा काळ आठवावा. 1894 मध्ये लोकमान्यांचा गणपती विंचूरकर वाड्यात बसला, पुढे तो गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरीवाड्यात, आला. वाड्याचा चौक हाच सभामंडप होता. घरचा देव आणि गावचा देव यांच्यामधली पायरी त्या चौकानेच बांधली. आज आपण मखरासाठी पुठ्ठ्याचा वाडा उभारतो, त्याला कागदी खांब आणि महिरपी लावतो, आणि त्याच आळीतला खरा वाडा पाडकामवाल्याच्या स्वाधीन होतो! हा विरोधाभास आम्हांला दरवर्षी अधिक बोचतो.

मालकांना दोष देणे सोपे आहे. ते आम्ही देणार नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. पावसाळ्यापूर्वी कौले फिरविण्याचा खर्चही त्यांतून निघेना. 1961 च्या 12 जुलैला पानशेत धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती विरघळून असंख्य वाडे बसले. उरलेल्यांत भावाभावांच्या वाटण्या झाल्या. एका चौकाचे सहा वाटेकरी झाल्यावर गळके छप्पर नेमके कोणी शाकारायचे?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाच्या वाड्यात यंदाचा गणपती अखेरचा आहे. परवा आम्ही गेलो, तेव्हा सत्तरी ओलांडलेले थोरले बंधू ओसरीवर बसून गणेशपट्टीला तेल लावीत होते. लाकूडवाला येऊन गेला होता. त्याने खांब, तुळया आणि दरवाजे यांची घनफुटांवर किंमत केली होती, गणेशपट्टीची निराळी. ती मात्र देणार नाही, असे त्यांनी त्याला सांगितले. मग मोजपट्टी आणून त्यांनी आमच्यादेखत पट्टी मोजली. ती सव्वाचार फूट भरली. नव्या सदनिकेचे दार साडेतीन फुटांचे आहे.

“कापायची नाही,” एवढेच ते म्हणाले, आणि पुन्हा तेलाच्या वाटीत बोळा बुडविला. आतून धाकट्या सूनबाईंनी विचारले, “अप्पा, मोदकांचं सारण झालंय, नारळ अजून फोडायचे का?”