अर्डुइनोच्या साहाय्याने फ्लॅश मेमरीचे लेखन : पालघर-बोईसर परिसरातील प्रयोगशाळांच्या संदर्भात

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली कार्यान्वित झाले आणि पुढे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. अशा कारखान्यांतील अनेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा, तसेच कार्यालयांतील संगणकांचा प्रारंभिक प्रोग्राम फ्लॅश मेमरीच्या लहानशा चिपमध्ये असतो. तो बिघडला की बाकी सारे धडधाकट असूनही उपकरण भंगारात जाते. अशी चिप पुन्हा लिहिण्याची विद्या पालघर व बोईसर येथील महाविद्यालयांत अल्प खर्चात शिकविता येण्याजोगी आहे.

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरीची संकल्पना जगापुढे मांडली. तिच्या पेशींत विद्युतभार अडकून राहतो, म्हणून वीज गेली तरी नोंद टिकते. लेखनाची रीत मात्र चमत्कारिक आहे. पुसलेल्या चिपमधील प्रत्येक बिट १ असतो. लिहिताना १ चा ० होतो, ० चा १ होत नाही. त्यासाठी पुसावेच लागते आणि विनबाँड कंपनीच्या डब्ल्यू२५क्यू६४ या प्रचलित चिपमध्ये पुसण्याचा किमान खंड ४ किलोबाइटांचा आहे. एक अक्षर सुधारण्यासाठी सारी पाटी धुवावी, तसाच हा प्रकार!

येथेच अर्डुइनो उनो बोर्डाची मर्यादा आड येते. त्याची कार्यकारी स्मृती अवघी २ किलोबाइट आहे. ४ किलोबाइटांचा खंड तीत मावत नाही. म्हणून खंडाची प्रत संगणकात ठेवावी आणि बोर्डाने २५६ बाइटांचे एकेक पान घेऊन चिपमध्ये उतरवावे. बोर्ड ५ व्होल्टांचा तर चिप ३.३ व्होल्टांची, मध्ये लेव्हल शिफ्टर न जोडल्यास चिप जळण्याचा संभव असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे साहित्य मिळते. तथापि एका चिपसाठी पालघरहून पुन्हा ग्रँट रोड गाठणे कोणाही प्रयोगशाळा साहाय्यकास परवडणारे नाही.

प्रारंभी चिपची ओळख विचारावी. ईएफ, ४०, १७ असे षोडशमान उत्तर आल्यास जोडणी योग्य समजावी. सर्वत्र ०० किंवा एफएफ आल्यास बहुधा तार सुटलेली असते. त्यानंतर मूळ मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात. ही पायरी गाळणाऱ्याच्या हाती पश्चात्तापाखेरीज काही उरत नाही.

विद्यार्थ्यांकडून होणारी एक चूक विशेष घातक आहे. पुसण्याची आज्ञा प्रोग्रामच्या पुनरावृत्त होणाऱ्या भागात लिहिली, की बोर्ड तोच खंड अविरत पुसत राहतो. एका वेळेस सुमारे ४५ मिलिसेकंद लागतात आणि खंडाची हमी सुमारे १,००,००० वेळांची असते. ती एका दुपारीत संपू शकते. ही आज्ञा एकदाच चालणाऱ्या भागात असावी.

सेकंदास १,१५,२०० बिट या वेगाने ८ मेगाबाइटांची संपूर्ण चिप वाचण्यास साधारण १२ मिनिटे लागतात. लेखनास त्याहून अधिक. पावसाळ्यात मध्येच वीज जाण्याचा धोका ध्यानात घेऊन हे काम बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवरूनच करावे.