आपत्तीनंतरचे मन : भोपाळ व किल्लारी येथील संशोधनाचा परिचय

पलासिया चौकातून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता एका बाजूस राऊवरून महूच्या लष्करी छावणीकडे जातो. दुसऱ्या बाजूस तो देवासला पोहोचतो व तेथून भोपाळचा फाटा फुटतो. त्यामुळे इंदूरच्या कम्युनिटी कॉलेजच्या एकाच वर्गात पस्तिशी-चाळिशीत निवृत्त झालेला जवान आणि १९८४ नंतर भोपाळ सोडून आलेल्या कुटुंबातील मुलगी शेजारी बसलेली असू शकते. दोघांच्या मनावरील आघाताकडे वैद्यकशास्त्राने फार काळ एकाच नजरेने पाहिले, आणि ती नजर संशयाची होती. ती कशी बदलत गेली व त्यात भारतीय संशोधकांचा वाटा कोणता, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

सैनिकांपासून सुरुवात

वैद्यकात आघात म्हणजे मुळात शरीराची जखम. मनाच्या जखमेचा गांभीर्याने विचार सुरू झाला तो प्रामुख्याने पहिल्या महायुद्धात. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात ‘शेल शॉक’ ही संज्ञा वापरून काही सैनिकांची लक्षणे नोंदवली. तोफगोळ्यांच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते अशी आरंभीची समजूत होती. परंतु गोळा जवळ न पडलेल्या सैनिकांतही तीच लक्षणे आढळू लागली. ज्यांना हे पटत नव्हते त्यांच्यापुरता एकच शब्द उरला, भेकड. भित्रेपणा, पळून जाणे अशा आरोपांवरून ब्रिटिश लष्कराने गोळ्या घालून मारलेल्या ३०६ सैनिकांना अखेर २००६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. त्यांच्यातील काही जण निःसंशय आजारी होते.

स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी वेगळा मार्ग धरला. भयंकर आठवणी मनात दडपून ठेवण्याचा सल्ला देण्याऐवजी त्यांनी रुग्णांना त्यांविषयी बोलू दिले. हेच रिव्हर्स त्याआधी निलगिरीतील तोडा लोकांमध्ये राहून त्यांचा अभ्यास करून गेले होते. परक्या माणसाचे ऐकून घेण्याची सवय त्यांना तेथेच लागली असेल काय, असा प्रश्न मनात येतो.

पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने ‘आघातोत्तर तणाव विकृती’ हे स्वतंत्र निदान मान्य केले. तो प्रसंग नकळत पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, त्याची आठवण देणाऱ्या जागा व माणसे टाळणे, झोप उडणे, लहानशा आवाजाने दचकणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. ती महिनाभराहून अधिक काळ टिकली आणि दैनंदिन जीवनात अडथळा येऊ लागला, तरच हे निदान केले जाते. आपत्तीनंतर पहिले काही दिवस झोप न लागणे हा आजार नव्हे.

भोपाळ : मोजणीचे महत्त्व

२ व ३ डिसेंबर १९८४ दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. सुरुवातीस सारे लक्ष डोळे व फुप्फुसे यांच्याकडे होते, आणि ते साहजिकच होते. फेब्रुवारी १९८५ मध्ये लखनौच्या डॉ. बी. बी. सेठी यांच्या गटाने वायुग्रस्त वस्त्यांतील दवाखान्यांत आलेल्या रुग्णांची पाहणी केली. झोप नीट लागते का, भूक मंदावली आहे का, डोके दुखते का, अशा साध्या होय-नाही प्रश्नांनी ८५५ जणांची प्राथमिक चाचणी झाली व संशयित रुग्णांना सविस्तर तपासण्यात आले. एकूण २२.६ टक्के रुग्णांत मानसिक विकार आढळला. त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते.

हे आकडे नसते तर काय झाले असते, याचा अंदाज त्या काळच्या एका शब्दावरून येतो. ‘घबराहट’, छातीत धडधड, अंगदुखी घेऊन वारंवार येणाऱ्या रुग्णांना ‘भरपाईचा आजार’ झाला आहे, पैशासाठी ते तक्रार लांबवतात, असे काही डॉक्टर म्हणत. खंदकातील सैनिक भेकड ठरला, येथे काझी कॅम्पमधील बाई लोभी ठरली. नियमानुसार केलेल्या पाहणीने या शेऱ्याला उत्तर दिले.

बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेतील (निम्हान्स) डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांचे काम येथूनच पुढे जाते. एवढ्या रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञ कोठून आणायचे? हरियाणातील रायपूर राणी येथे डॉ. एन. एन. विग यांच्यासमवेत काम करताना मूर्ती यांनी पाहिले होते की, प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना थोडक्या दिवसांत मानसिक आजार ओळखण्यास शिकवता येते. तोच अनुभव भोपाळमध्ये उपयोगी पडला. डॉ. मोहन आयझॅक यांच्यासह त्यांनी १९८५ मध्ये वायुग्रस्त भागातील सुमारे ५० वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले व त्यांच्यासाठी पुस्तिका तयार केली. तज्ज्ञांचे ज्ञान तज्ज्ञ नसलेल्यांच्या हाती देणे हा या कामाचा गाभा होय. जागतिक आरोग्य संघटनेचा २००१ चा वार्षिक अहवाल मानसिक आरोग्यावर होता, आणि त्याचे मुख्य संपादकही डॉ. मूर्तीच होते.

किल्लारी : घर आणि रोजगार

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या झोपेत लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील गावे भूकंपाने कोसळली. सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे अंगावर आल्याने हानी अधिक झाली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली.

डॉ. प्रताप शरण व सहकाऱ्यांनी वाचलेल्या काही प्रौढांची तपासणी केली. तिचा प्राथमिक अहवाल १९९६ मध्ये अमेरिकेतील मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ५९ टक्के व्यक्तींमध्ये मानसिक विकार आढळले. त्यांत आघातोत्तर तणाव विकृती व नैराश्य प्रमुख होते. पाहणी लहान होती, म्हणून हा आकडा साऱ्या जिल्ह्याला लावता येणार नाही. मात्र आणखी एक निष्कर्ष जास्त बोलका आहे. स्त्रियांमध्ये, तसेच ज्यांचे कमाईचे साधन नष्ट झाले होते अशांमध्ये विकारांचे प्रमाण अधिक होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही या भागात दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. त्याचे प्रमुख संशोधक होते पुण्याचे डॉ. मोहन आगाशे. महाराष्ट्र त्यांना नट म्हणून ओळखतो; त्यांचे हे काम मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

म्हणजे धरणीकंप काही क्षणांचा, परंतु बैलजोडी, दुकान, यंत्र गेल्याचा आघात रोजचा असतो. भोपाळमध्ये अब्दुल जब्बार यांनी ही गोष्ट कोणत्याही नियतकालिकाविना ओळखली होती. त्यांच्या गॅस पीडित महिला उद्योग संघटनेने दानाऐवजी काम मागितले, स्वाभिमान केंद्रात स्त्रियांना शिवणकाम व जरीकाम शिकवले. शहाजहानी बागेत संघटनेच्या नियमित बैठका भरत. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले व २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. मानसोपचाराच्या भाषेत या केंद्राचे मूल्यमापन व्हावयास हवे होते. शिवणयंत्र शिकवणाऱ्या शिक्षिकेला आपण उपचाराच्या कामात सहभागी आहोत हे तेव्हाच कळले असते.

वर्गातील शिक्षकासाठी

आघात झालेल्याने सारे काही लगेच सांगून टाकावे म्हणजे मन हलके होते, हा समज मोठा आहे. एकाच बैठकीत प्रसंग तपशीलवार वदवून घेण्याच्या पद्धतीचा पुढील विकार टाळण्यास उपयोग होत नाही, उलट कधी अपायही होतो, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यांतून दिसून आले. येथे रिव्हर्सच्या पद्धतीशी विरोध नाही. ते रुग्णाला बोलू देत होते, बोलायला लावत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच पाहणे, ऐकणे व योग्य मदतीशी जोडून देणे एवढेच प्रथमोपचार सांगितले आहेत.

वर्गात दार आपटल्यावर एखादा प्रौढ विद्यार्थी बाहेर निघून जात असेल, तर हजेरीचा प्रश्न विचारण्याआधी त्याला दाराजवळची जागा द्यावी. ‘काय घडले होते?’ यापेक्षा ‘झोप लागते का?’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. लक्षणे महिनाभर टिकली, कामात अडथळा येऊ लागला, किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे ऐकू आले, तर तज्ज्ञाकडे पाठवावे. शेवटच्या बाबतीत क्षणाचाही विलंब नको. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सरकारी सेवा उपलब्ध असून सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. क्रमांक चिठ्ठीवर लिहून देण्यापेक्षा विद्यार्थ्याची संमती घेऊन, त्याच्या शेजारी बसून पहिला फोन लावून द्यावा.