बंद गाडीत करंट कुठून?

रस्त्यात गाडी बंद पडली की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. चार माणसे धक्का मारायला धावतात आणि पाचवा बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलवर पाना ठोकतो. आजवर या दोन उपायांवर आपले भागत आले. हायब्रीड गाडीत मात्र पहिल्याचा उपयोग नाही, आणि दुसरा भलत्या ठिकाणी केला तर जिवावर बेततो. हे मी ऐकीव सांगत नाही, स्वतः पाहिलेले सांगतो.

मी नांदेडचा. तीस वर्षे आय.टी.आय.मध्ये वीजतंत्रीच्या मुलांना शिकवले. निवृत्तीनंतर पुण्याच्या भाच्याकडून त्याची जुनी हायब्रीड गाडी विकत घेतली. कोणत्या कंपनीची ते सोडा. दोष कंपनीचा नव्हता. वयाचा होता आणि थोडा माझाही.

२०२२च्या मे महिन्यातली गोष्ट. थोरल्या बहिणीच्या डोळ्याचे ऑपरेशन लातूरला झाले होते. अक्काला घेऊन मी नांदेडला परत निघालो. ऊन असे की रस्त्याचे डांबर मऊ पडलेले. अहमदपूरच्या अलीकडे उताराला लागलो तेव्हा बॅटरीचा काटा एकदम भरलेला दिसला. पुढच्या चढाला तोच काटा बघता बघता तळाला गेला. मागच्या सीटजवळ पंखा घोंघावू लागला. अक्का म्हणाली, "काय रे, मागं पिठाची गिरणी लावलीस का?" मी हसण्यावारी नेले. थोड्या वेळाने समोर इशाऱ्याचा दिवा लागला. कशीबशी लोह्यापर्यंत आली, चहासाठी बंद केली, ती पुन्हा चालू झालीच नाही. डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली अक्का भर उन्हात हॉटेलच्या बाकड्यावर बसलेली, आणि आयुष्यभर वीज शिकवलेला मी हात चोळत उभा.

आता हे झाले कसे, ते समजून घेऊ. हायब्रीड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटार. ब्रेक लावला की हीच मोटार सायकलच्या डायनॅमोसारखी वीज तयार करते. ही वीज एका मोठ्या बॅटरीत साठते आणि चढाला किंवा गर्दीत वापरली जाते. म्हणून पेट्रोल वाचते. शिवाय नेहमीची बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असतेच. ती दिवे आणि गाडीतला संगणक चालवते. बऱ्याच हायब्रीड गाड्यांत वेगळा स्टार्टर नसतो. मोठ्या बॅटरीच्या विजेवर मोटारच इंजिन फिरवते. त्यामुळे मोठी बॅटरी गेली की टाकी पेट्रोलने भरलेली असली तरी गाडी जागची हलत नाही.

आपल्या देशात २००८ साली होंडाची सिव्हिक हायब्रीड आली, २०१० साली टोयोटाची प्रियस आणि २०१३ साली कॅमरी हायब्रीड. या गाड्यांत निकेल-मेटल हायड्राइड जातीची बॅटरी होती. तिचा एक सेल जेमतेम १.२ व्होल्टचा. त्या प्रियसमध्ये असे १६८ सेल एकामागे एक जोडलेले, म्हणजे सुमारे २०२ व्होल्ट. सहा सेलचा एक डबा, असे २८ डबे.

एकामागे एक जोडणी म्हणजे काय? विहिरीच्या कामावर माणसे रांगेत उभी राहून घमेली पुढे सरकवतात, ते आठवा. रांगेतला एक जण थकला की सगळी रांग त्याच्या गतीने चालते. बॅटरीचेही तसेच. एक सेल अशक्त झाला की भरताना तो सगळ्यांच्या आधी भरतो आणि जास्तीची वीज उष्णता होऊन बाहेर पडते. वीज देताना तो सगळ्यांच्या आधी रिता होतो आणि बाकीचे त्याच्यातून वीज रेटतच राहतात. दोन्ही वेळा तो तापतो, आणखी खराब होतो आणि शेजाऱ्यालाही तापवतो. माझा काटा क्षणात वर आणि क्षणात खाली का जात होता, याचे उत्तर यात आहे.

उष्णता ही बॅटरीची वैरीण. म्हणूनच अशा गाडीत बॅटरीसाठी पंखा असतो आणि तो गाडीच्या आतली हवा ओढतो. हवा आत घेण्याची जाळी बहुधा मागच्या सीटच्या बाजूला असते. आणि इथेच माझी चूक झाली. धूळ नको म्हणून मी हौसेने जाड सीटकव्हर शिवून घेतले होते. त्या कव्हरने अर्धी जाळी झाकली. उरलेल्या अर्ध्या जाळीत दोन उन्हाळ्यांची धूळ बसली. पंखा गिरणीसारखा ओरडत होता, कारण त्याला श्वास घेता येत नव्हता.

लोह्याला एक भला माणूस जीप आणि दोर घेऊन आला. मी नको म्हटले, ते बऱ्याच जणांना खटकले. पण अशा गाडीची पुढची चाके मोटारीला जोडलेली असतात. ती जमिनीवर फिरली की मोटार फिरते, वीज तयार होते आणि नुकसान होऊ शकते. गाडी न्यायची तर पुढची चाके उचलून, नाहीतर सबंध गाडी ट्रकवर चढवून. अक्काला एस.टी.ने पुढे पाठवले. गाडी रात्री ट्रकवरून नांदेडला आली.

माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. हुशार, हाताला यश असलेला मुलगा. दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा त्याने मागची सीट काढली होती, बॅटरीचे झाकण उघडले होते आणि हातात लोखंडी पाना घेतला होता. बोटात अंगठी. मी दारातूनच ओरडलो, "अरे, थांब!" तो दचकला. म्हणाला, "सर, गाडी तर बंद आहे. बंद गाडीत करंट कुठून?"

मी म्हटले, "बाबा, मोटार बंद केली म्हणून विहीर आटते का?"

मित्रहो, हे वाक्य तेवढे ध्यानात ठेवा. किल्ली काढली तरी बॅटरीच्या डब्यांत वीज असतेच. दोनशे व्होल्टच्या या एकदिश विजेचा धक्का जीव घ्यायला पुरेसा असतो. ही वीज ज्या वायरींतून जाते, त्यांचा रंग मुद्दाम नारिंगी ठेवलेला असतो. नारिंगी वायर दिसली की हात मागे. प्रशिक्षित कारागीर आधी छोट्या बॅटरीची वायर काढतो, रबरी हातमोजे घालून सुरक्षेचा प्लग ओढतो आणि दहाएक मिनिटे थांबतो, म्हणजे बाहेरच्या भागात साठलेली वीज ओसरते. त्यानंतरही डब्यांची रांग जिवंत असते, म्हणून हातमोजे शेवटपर्यंत काढत नाही. हे काम घरी करण्याचे नाही. माझ्या विद्यार्थ्याने पाना खाली ठेवला, अंगठी काढून खिशात टाकली आणि कपाळावरचा घाम पुसला. मला मात्र तीस वर्षांच्या शिकवण्याचा हिशेब अपुरा वाटला. ही वीज माझ्या अभ्यासक्रमात नव्हती, आणि तो माझ्याकडूनच शिकला होता.

मग काय करावे? आधी स्वस्तातले तपासावे. छोटी बॅटरी अशक्त झाली तरी गाडी चालू होत नाही आणि भलतेसलते दिवे लागतात. गाडी बंद असताना तिच्यावर साडेबाराच्या आसपास व्होल्ट हवेत; बाराच्या खाली असतील तर आधी तिचा विचार करा. मग जाळी आणि पंखा साफ करून घ्या. मग स्कॅनर लावून मोठ्या बॅटरीच्या प्रत्येक गटाचे व्होल्ट चढाला आणि वेग घेताना पाहायला सांगा. सगळे गट सारखे खाली-वर होत असतील तर ठीक. एखादाच गट इतरांपेक्षा व्होल्ट-दीड व्होल्टने कोसळत असेल तर दुखणे तिथे आहे. काही वेळा डबे जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढलेला असतो आणि तेवढा साफ करूनही भागते.

माझ्या गाडीत एक गट कोसळत होता. नव्या संपूर्ण बॅटरीचा सांगितलेला खर्च गाडीच्या तेव्हाच्या भावाच्या निम्म्याजवळ जात होता. मी काटकसर केली. हैदराबादच्या एका जाणत्या कारागिराकडून तेवढे दोन डबे बदलून घेतले. त्याने तेव्हाच बजावले होते, "साहेब, उमर सब की एक है." म्हाताऱ्या बैलांत एक नवा खोंड जुंपला म्हणून औत जोरात चालत नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेजारचा दुसरा डबा गेला. दोन वेळचा खर्च आणि दोन वेळची वाहतूक धरली तर काटकसर महागात पडली. शेवटी २०२३ साली सबंध नवी बॅटरी बसवली. गाडी लवकर विकायची असेल तर डबे बदलणे समजू शकते. पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन लांबचा प्रवास करायचा असेल तर नको.

काढलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांची व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी तिथेच द्यावी आणि पावती घ्यावी.

२०२२ साली ग्रँड व्हिटारा, हायरायडर, सिटी, इनोव्हा हायक्रॉस अशा हायब्रीड गाड्या बाजारात आल्या आणि त्या आपल्या रस्त्यांवरही दिसू लागल्या. टोयोटाने भारतात २०२१ सालापासून हायब्रीड बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वाढवली. पण हमी आज ना उद्या संपते आणि गाडी दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हाती जाते. जुनी हायब्रीड घेणार असाल तर बॅटरीची तपासणी झाल्याशिवाय विसार देऊ नका. घेतलीत तर उन्हात आतला ए.सी. चालू ठेवा, कारण माणसांबरोबर बॅटरीलाही तीच हवा मिळते. सावलीत उभी करा. महिनोन्महिने पडून ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी फिरवा. आणि जाळीवर तुरीचे पोते, पिशवी किंवा सीटकव्हर येऊ देऊ नका.

मी दर गुढीपाडव्याला, ऊन तापायच्या आत, ती जाळी साफ करतो. माझ्या विद्यार्थ्याने रबरी हातमोजे घेतले आहेत आणि गॅरेजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे : 'नारिंगी वायरीला हात लावण्याआधी विचारा.' खाली त्याने विहिरीचे चित्र काढले आहे. नवे पोरगे कामाला आले की ते विचारते, हे विहिरीचे काय? मग तो हातातले काम बाजूला ठेवून त्याला सगळे समजावून सांगतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)