गांवचा संघ व घरचा उंबरठा

गेल्या हिवाळ्यांत एके दिवशीं पहाटे स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर आम्ही एका लहानशा जथ्याबरोबर उभे होतों. बारा मुली, त्यांच्या बारा पिशव्या, आणि पुनःपुन्हा डोकीं मोजणाऱ्या एक शिक्षिकाबाई. सोलापूरकडील गाडीची वाट पाहणारा हा एका शाळेचा खो-खोचा संघ होता, व त्या बारा जणींत आमची तेरा वर्षांची पुतणी होती. तिनें त्या दिवशीं तेथें असावें कीं नसावें, या प्रश्नावर आमच्या घरांत आठ दिवस खल झाला होता.

वडीलबंधूंस शिष्यवृत्तीच्या परीक्षेची काळजी. वहिनींनीं होय-नाहीं कांहींच म्हटलें नाहीं. मातोश्रींचा मात्र आक्षेप स्पष्ट होता. "शाळेच्या मैदानांत खेळूं दे हो, मीं कधीं नाहीं म्हटलें? पण परगांवीं रात्रीं पोर निजणार कोठें, आणि तिच्या पानांत वाढणार कोण?" या प्रश्नास आमच्याजवळ त्या वेळीं उत्तर नव्हतें. शाळेनें एका ओळखीच्या वसतिगृहाचें नांव सांगितलें, तेवढ्यावर कसाबसा होकार मिळाला.

खो-खो हा खेळ आपल्या मुलुखांत जुना. परंतु त्यास नियमांची शिस्त लागली ती पुण्यांत. १९०६ सालीं निघालेल्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं समिती नेमून या खेळाचे नियम बांधविले. १९२४ सालीं शिवरामपंत दामले यांनीं महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केलें व व्यायामाची गोडी मध्यमवर्गाच्या मुलांस लावली. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आलें. अखिल भारतीय अजिंक्यपदाचे सामने १९५९-६० मध्यें विजयवाड्यास सुरू झाले. आणि जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा होऊन पुरुष व महिला या दोन्ही विभागांत भारतानें नेपाळास हरवून चषक जिंकला. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच.

या खेळाची रचना पाहण्यासारखी आहे. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकीं आठ जण मध्यरेषेवर एकाआड एक तोंडें फिरवून बसतात, धांवतो एकटा. त्यास मध्यरेषा ओलांडतां येत नाहीं, व एकदां धरलेली दिशा सोडतां येत नाहीं. पळणारा रेषेपलीकडे निसटला, कीं बसलेल्या गड्याच्या पाठीस हात लावून 'खो' म्हणावें व त्याच्या जागीं आपण मुकाट्यानें बसावें. अगदीं हातीं आलेला गडी दुसऱ्याच्या पदरांत टाकून खालीं बसणें हें लहान वयांत सोपें नाहीं. ज्या संघांत प्रत्येकास स्वतःच गडी मारावयाचा असतो, तो संघ नऊ मिनिटांची पाळी धांवूनहि रित्या हातानें परततो.

दोन खांब, चुन्याच्या रेषा, एक घड्याळ व एक शिट्टी, एवढ्या भांडवलावर हा खेळ उभा राहतो; म्हणून लहान गांवांचे संघ यांत पुढें येऊं शकले. धाराशिव, म्हणजे पूर्वीचें उस्मानाबाद, येथील सारिका काळे तेराव्या वर्षाच्या सुमारास मैदानांत उतरल्या. त्या काळीं एक वेळच्या जेवणावर दिवस काढावे लागत, असें त्यांनींच पुढें सांगितलें. २०१६ सालीं आर्थिक ओढगस्तीनें खचून त्यांनीं खेळ सोडण्याचें ठरविलें होतें. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनीं समजूत घातली व त्या परतल्या. त्याच वर्षीं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय महिलांनीं सुवर्णपदक मिळविलें. २०२० सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. आतां मोठे सामने मातीवर न होतां मॅटवर होतात, त्यामुळें खर्चहि वाढला आहे. तथापि अशा मुलींपुढचा पहिला प्रश्न मॅटचा नाहीं. तो पानांत काय पडतें याचा आहे.

म्हणजे मातोश्रींचाच प्रश्न! तो केवळ आपल्याकडेच पडतो असें मात्र नाहीं. कॅनडा देशांत बर्फावरील हॉकीचे कुमारांचे संघ गांवोगांवीं आहेत, व त्यांच्यासाठीं १९१९ पासून 'मेमोरियल कप' खेळला जातो. मॅनिटोबा प्रांतांतील फ्लिन फ्लॉन या खाणीच्या गांवानें १९२७ सालीं आपला 'बॉम्बर्स' संघ काढला, व १९५७ सालीं मोठमोठ्या शहरांस मागें टाकून तो कप घरीं आणला. याच गांवच्या बॉबी क्लार्क या मुलास लहानपणापासून मधुमेह; तरी तो याच संघांतून पुढें येऊन त्या खेळांतील नामांकित खेळाडू झाला. तिकडे परगांवहून आलेलीं मुलें वसतिगृहांत न राहतां गांवांतील कुटुंबांत राहतात. त्या घरची बाई त्यांस आपल्या मुलांबरोबर जेवूं घालते व सामन्यास जाऊन बसते.

ही हकीकत आम्हीं एका रात्रीं जेवणाच्या वेळीं सांगितली. मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "यांत नवें काय आहे? तुझे आजोबा कोंकणांतून पुण्यास आले ते सात घरीं वार लावून जेवले, म्हणून शिकले. आमच्या माहेरीं सोमवारचा एक मुलगा असे." एवढें बोलून त्या उठल्या.

माघ महिन्यांत पुण्यांत सामने भरले, व बाहेरगांवच्या संघांची उतरण्याची अडचण शाळेनें पालकांस कळविली. आम्ही तें पत्र वाचीत असतांना मातोश्रींनींच विचारलें, "आपल्याकडे किती मुली मावतील?" दोघी आल्या, दोन रात्री राहिल्या. पुतणीच्या संघानें त्यांच्याशीं सामना गमावला. तरी त्या रात्रीं तिघी एकाच पंक्तीस बसून सामन्याचा एकेक खो पुनः खेळत होत्या.

निघतांना एकीनें वांकून नमस्कार केला. मातोश्रींनीं तिच्या हातांत लाडवांचा डबा ठेवला व म्हटलें, "डबा परत आणावयाचा आहे बरें. आणि आमची पोर तुमच्या गांवीं आली, तर तुझ्या आईस म्हणावें, हिला तिखट सोसत नाहीं."