चौकशी टाळायची, तर कारण लिहा
नोकरी आणि कायदा : भाग सहावा

एप्रिल 2025. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाला चार महिने झाले होते आणि बीडचे पोलीस दल रोज बातम्यांत होते. त्याच महिन्यात बीडच्या सायबर विभागातले निलंबित पोलीस उपनिरीक्षक रणजित कासले यांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. समाजमाध्यमांवरच्या त्यांच्या व्हिडिओंची राज्यभर चर्चा चालली होती. बडतर्फीची बातमी आली तेव्हा तिच्यासोबत राज्यघटनेतल्या एका अनुच्छेदाचा आकडाही आला : 311(2)(ब). चौकात, चहाच्या टपरीवर, कचेऱ्यांच्या व्हरांड्यात लोक एकमेकांना विचारू लागले, चौकशी न करता सरकारी नोकराला असे घरी पाठवता येते का?

येते, पण सहजासहजी नाही. कासले यांनी व्हिडिओंत केलेले आरोप खरे की त्यांच्यावरचे, हा या लेखाचा विषय नाही. ते ठरवायला न्यायालये आहेत. विषय तो आकडा आहे, कारण तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत, शिपायापासून निरीक्षकापर्यंत प्रत्येकाची नोकरी या अनुच्छेदाच्या आधारावर उभी असते.

राज्यघटनेचा अनुच्छेद 311 दोन गोष्टी बजावून सांगतो. ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नेमणूक दिली, त्याच्याहून खालचा अधिकारी त्या कर्मचाऱ्याला बडतर्फ करू शकणार नाही. आणि दोषारोप सांगून, बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा पदावनती यांपैकी कोणतीही शिक्षा देता येणार नाही. ही तरतूद इंग्रजी अमदानीतून चालत आली. 1935 च्या कायद्यातही तिचे मूळ सापडते. घटनाकारांनी ती ठेवली, कारण उद्या सत्ता बदलली म्हणून आजच्या कारकुनाची नोकरी जाऊ नये. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे राजकीय गटांचा दाब कचेरीच्या उंबऱ्यापर्यंत येतो, तिथे या कवचाची किंमत जास्त कळते. नियमाला धरून ‘नाही’ म्हणणारा अधिकारी याच्याच जोरावर ‘नाही’ म्हणू शकतो.

वाजवी संधी म्हणजे नेमके काय, ते कागद हातात घेतल्यावर समजते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधल्या नियम 8 खाली विभागीय चौकशी लागली की ज्ञापनासोबत चार जोडपत्रे येतात. पहिल्यात दोषारोपाच्या बाबी, दुसऱ्यात त्यांचे विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी आणि चौथ्यात साक्षीदारांची नावे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला अपचारी म्हणतात. शब्द कठोर आहे, पण दोष सिद्ध होईपर्यंत तो फक्त चौकशीतला एक पक्ष असतो. सादरकर्ता अधिकारी सरकारची बाजू मांडतो, अपचाऱ्याला बचाव सहायक घेता येतो, साक्षीदाराची उलटतपासणी करता येते. दर तारखेला रोजनामा लिहिला जातो आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या होतात. चौकशी अहवालाची प्रत अपचाऱ्याला दिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये ईसीआयएल विरुद्ध करुणाकर या खटल्यात ठरवून टाकले. चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलासमोर फायलींच्या गठ्ठ्याआड बसलेला अव्वल कारकून घाबरलेला असतो, हे खरे. पण त्या चार जोडपत्रांत जे लिहिलेले नाही, त्याबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही.

आता अपवाद. घटनेने चौकशी टाळायला तीनच वाटा ठेवल्या आहेत. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या वर्तणुकीबद्दल शिक्षा द्यायची असेल तर (अ). चौकशी करणे व्यवहार्यच नसेल तर (ब). आणि राज्याच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रपती किंवा राज्यपालांना चौकशी नको वाटली तर (क). सगळ्यात जास्त गैरवापराची भीती, ती (ब)ची.

या अपवादांचा अर्थ लावणारा निकाल 11 जुलै 1985 चा, भारत सरकार विरुद्ध तुलसीराम पटेल. पटेल हे जबलपूरच्या लेखापरीक्षण कार्यालयातले कर्मचारी. वरिष्ठाच्या डोक्यात लोखंडी सळई घातल्याबद्दल ते दोषी ठरले होते, आणि चौकशीविना त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. बहुमताचा निकाल लिहिला न्या. दि. पी. मादन यांनी. भिवंडी-जळगावच्या 1970 च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या मादन आयोगामुळे महाराष्ट्राला हे नाव ठाऊक आहे. निकालाने अपवाद वैध ठरवला, म्हणून त्या काळी कामगार संघटनांनी त्याच्यावर कडाडून टीका केली. मात्र त्याच निकालात कर्मचाऱ्याच्या हाती एक शस्त्रही आहे. चौकशी का शक्य नाही याचे कारण लेखी नोंदवलेच पाहिजे. ते नोंदवले नाही तर आदेश रद्द. साक्षीदारांना दहशत बसवली जात असेल, चौकशी करणाऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर कारण पटण्यासारखे आहे; खात्याची बाजू लंगडी आहे म्हणून चौकशी टाळता येणार नाही. आणि ते कारण खरे आहे का, हे न्यायालय तपासू शकते.

महाराष्ट्राने हे प्रत्यक्ष पाहिले आहे. मुंबई पोलिसांतले निरीक्षक प्रदीप शर्मा यांना ऑगस्ट 2008 मध्ये याच उपखंडाखाली बडतर्फ केले गेले. पुढच्याच वर्षी मॅटने, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, ती बडतर्फी रद्द केली. मे 2021 मध्ये मुंबई पोलिसांतलेच सहायक निरीक्षक सचिन वाझे यांच्यावरही हाच उपखंड लावला गेला. माणूस कितीही वादग्रस्त असो, चौकशीला फाटा देऊन घाईने काढलेला आदेश कोलमडला तर त्याचा फायदा दोषी माणसालाच होतो. म्हणून चौकशीचा आग्रह धरणे म्हणजे भ्रष्टाचाऱ्याची पाठराखण नव्हे. खात्याला आपला आदेश टिकवायचा असेल, तर चौकशी त्यालाच हवी.

निलंबनाचेही तसेच. निलंबन ही शिक्षा नव्हे, पण महिनोन्महिने रेंगाळले की घर बसते. सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो. एकेकाळी महाराष्ट्राच्या नियमांत, फौजदारी न्यायालयात शिक्षा झालेल्या कर्मचाऱ्याला अपील प्रलंबित असताना महिना 1 रुपया निर्वाह भत्ता देण्याची सोय होती! सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये चंद्रभान ताले खटल्यात ती मोडीत काढली. एका रुपयात माणूस जगणार कसा, आणि अपील लढणार कसा? पुढे 2015 च्या अजयकुमार चौधरी निकालाने दोषारोपपत्राविना निलंबन तीन महिन्यांपलीकडे लांबवायला मनाई केली, आणि राज्य सरकारने 9 जुलै 2019 च्या शासन निर्णयाने ती आपल्या खात्यांना लागू केली.

दार कोणते ठोठावायचे, हेही माहीत हवे. माजलगावच्या एका महिला शिपायाला 2017 मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा हवी होती आणि नंतर पुरुष म्हणून नोकरीत राहायचे होते. खात्याने नकार दिला. उच्च न्यायालयाने सांगितले, हा सेवेचा प्रश्न आहे, मॅटकडे जा. अखेर शासनाने परवानगी दिली, 2018 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि नोकरी वाचली. बीडकरांसाठी मॅटचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे.

मात्र सगळ्यांना 311 ची सावली नाही. एसटीचा वाहक औद्योगिक कायद्यांखाली येतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला 1964 चे शिस्त व अपील नियम लागतात. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरण गाठायचे असते. अंगणवाडी सेविका तर नागरी पदावरच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये अमीरबी खटल्यात म्हटले. गावातल्या निम्म्या सरकारी योजना जिच्या खांद्यावर, तिला हे कवच नसावे, हे अन्यायाचेच आहे.

ज्यांना कवच आहे, त्यांनी एवढे करावे. आदेश हाती पडला की पोच देताना स्वतःच्या हाताने तारीख टाका. आदेशात उपखंड कोणता आणि कारण लिहिले आहे का, ते आधी पाहा. खात्याकडे अपील दाखल करून पोच जपा; अंतिम आदेशापासून मॅटकडे जायला 1 वर्षाची मुदत आहे, आणि अपिलावर 6 महिने निर्णयच झाला नाही तर ते वर्ष त्या 6 महिन्यांनंतर सुरू होते.