शुश्रूषागृहे, शासकीय निधी आणि ‘गुणवत्ता’ : एका संकल्पनेचे अर्थांतर

मराठी भाषकाच्या मनात ‘नर्सिंग होम’ या शब्दाने खासगी छोट्या रुग्णालयाची प्रतिमा उमटते. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ च्या व्याख्येत प्रसूतिगृहाचाही अंतर्भाव आहे. अमेरिकेत मात्र हीच संज्ञा प्रामुख्याने सततच्या परिचर्येवर अवलंबून असलेल्या वृद्धांच्या निवासाला लावली जाते. हा अर्थभेद लक्षात घेतल्याविना तेथील निधीविषयक वादाचे मर्म कळणार नाही.

१९६५ साली मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना आल्या आणि शुश्रूषागृहांचा मोठा खर्च शासनाकडे आला. पैसा सार्वजनिक झाला, म्हणून त्याचा जाबही सार्वजनिक झाला. १९८७ च्या सुधारणा कायद्याने प्रत्येक निवाशाचे शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य शक्य तितक्या उच्च पातळीवर राखण्याचे दायित्व या संस्थांवर टाकले. पुढे २००८ मध्ये पंचतारांकित मूल्यांकन आले. २०१४ च्या कायद्यानुसार ऑक्टोबर २०१८ पासून देयकाचाच गुणवत्तेशी संबंध जोडण्यात आला : मेडिकेअरच्या देयकातून २ टक्के रक्कम राखून ठेवायची आणि तिच्यापैकी सुमारे ६० टक्के भाग कामगिरीनुसार परत वाटायचा.

येथे प्रश्न उद्भवतो तो ‘गुणवत्ता’ या शब्दाच्या आशयाचा. प्रारंभी निकष एकच होता : निवासी ३० दिवसांच्या आत पुन्हा रुग्णालयात दाखल झाला की नाही. हा निकष मोजण्यास सोपा असला, तरी ज्याला रुग्णालयात न्यायलाच हवे त्याला न नेण्याचा मोहही त्यातून उत्पन्न होऊ शकतो. शिवाय मेडिकेअर मुख्यत्वे रुग्णालयातून आलेल्यांच्या अल्पकालीन मुक्कामाचा खर्च देते. वर्षानुवर्षे तेथेच राहणाऱ्या बहुसंख्यांचा भार मेडिकेडवर असतो. म्हणजे ज्यांचे संपूर्ण आयुष्यच त्या चार भिंतींत सामावले आहे, तेच या मापनाच्या परिघाबाहेर राहिले. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या देयकांसाठी परिचारिकांची उपलब्धता, त्यांची गळती आणि संसर्ग हे निकष जोडले गेले. ही सुधारणा स्वागतार्ह होय. तथापि गरीब निवाशांची संख्या अधिक असलेल्या संस्थेची कपात झाल्यास मनुष्यबळ आणखी घटते, ही अडचण उरतेच.

भारतात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. त्याच वेळी पालनपोषणाचे प्रथम दायित्व हा कायदा अपत्यांवरच ठेवतो. ‘नटसम्राट’ (१९७०) मधील वार्धक्याची शोकांतिकाही कौटुंबिक कृतघ्नतेच्या चौकटीतच उभी राहते. सेवा आणि परिचर्या या दोन शब्दांमधील अंतर ते हेच : पहिला कर्तव्यभावनेकडे निर्देश करतो, दुसरा देयकाकडे. शासकीय अनुदान जेव्हा गुणवत्तेशी जोडले जाईल, तेव्हा मोजमापाची भाषा कोणाची असेल, लेखापरीक्षकाची की निवाशाची, हे आधी ठरवावे लागेल.